सतरा तारखेच्या आत पासिंग

२० नोव्हेंबर २०२५, गुरुवार

लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. ही वही माझ्या बायकोने, हिरीबाईने, मला नव्या वर्षाला दिली होती. रोज एक पान लिही, म्हणजे मनात आलेलं माझ्या कानाशी सांडणार नाही, असं म्हणाली होती. अकरावा महिना संपत आला आणि मी आज पहिलं पान लिहितो आहे. माफी कोणाकडे मागतो ते मलाही नीट माहीत नाही. वहीकडे समजा.

आता लिहिणं भाग आहे, कारण गाडी विकायची आहे. कोण काय बोललं हे तारखेवार लिहिलेलं नसेल, तर उद्या वांधा झाल्यावर सातवी शिकलेल्या म्हाताऱ्याचं कोण ऐकेल?

गाडी म्हणजे माझी पांढरी व्हॅन. दवाखान्याच्या जीपवर मी तीस वर्षं ड्रायव्हर होतो. निवृत्त झाल्यावर आलेल्या पैशातून २०१० साली ही घेतली. पंधरा वर्षांत चर्चच्या मंडळीतल्या लोकांना उपासनेला नेलं, बाळंतिणींना नवापूरला नेलं. आता डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊनही समोरची म्हैस जवळ आल्यावरच म्हैस वाटते. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं.

गाडीच्या पुस्तकाची मुदत १७ डिसेंबरला संपते. पंधरा वर्षं झाली की आर.टी.ओ.त गाडी तपासून घ्यावी लागते. पास झाली तर आणखी पाच वर्षं चालते. नाही तर भंगार.

काचेवर 'विकणे आहे' अशी चिठ्ठी लावून मी गाडी खांडबारा स्टेशनसमोर उभी करवली होती. आज एक गिऱ्हाईक आलं. नाव वाहिद, नंदुरबारला गाद्या भरण्याचं काम करतो. वय चाळीसच्या आसपास, बोलायला गोड. गोड बोलणं हीच पहिली खूण.

त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि बाजूचं सरकतं दार पाचसहा वेळा उघडलं, लावलं. इंजिन बघितलं नाही, टायर बघितले नाहीत. मी म्हटलं, दारच विकत घ्यायचं आहे का? तो म्हणाला, "हां बाबा, दारच पाहिजे. अम्मीला चाकाच्या खुर्चीवरून रिक्षात बसवता येत नाही. हे दार मोठं आहे."

मग म्हणाला, "पण पासिंग झाल्याशिवाय मी घेणार नाही. आणि तुम्हीपण कोणाला अशी देऊ नका. नाव तुमचं राहील, अपघात दुसऱ्याचा होईल आणि पोलीस तुमच्या दारात येतील."

माझ्या दारात पोलीस येतील याची काळजी याला कशाला? लिहून ठेवतो.

२१ नोव्हेंबर

वाहिद परत आला. चालवून बघतो म्हणाला. मी शेजारी बसलो, एकट्याला देणार नव्हतोच. पुलाच्या उतारावर त्याने ब्रेक दाबला आणि विचारलं, "बाबा, ब्रेक मारला की डावीकडे ओढते का?"

मी म्हटलं, रस्ताच तसा आहे.

गाडी डावीकडे ओढते हे खरं आहे. दोन वर्षांपासून ओढते. पण गिऱ्हाईकाला सगळंच सांगत बसलं तर गाडी विकायची कशी? तो बाजारात गादी विकतो तेव्हा आत जुना कापूस किती घातला हे सांगतो का?

जाताना त्याने एका कागदावर लिहून दिलं: दिवे, ब्रेक, हॉर्न, वायपर, आरसे, टायर, नवी नंबरपाटी, धुराचा दाखला, इन्शुरन्स. अक्षर चांगलं आहे. हे सगळं ठीक असलं तरच साहेब पास करतात म्हणाला. मी तो कागद बायबलात ठेवला आहे. त्याच्या हातचं काहीतरी आपल्याकडे असलेलं बरं.

२३ नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर घरी आलो तर हिरीबाई खुराड्यामागे फोनवर बोलत होती. मला बघून गप्प झाली. दाणे टाकत होते, म्हणाली. कोंबड्या तर शेतात होत्या.

मी जवळ येण्याआधी दोन वाक्यं ऐकली होती. "पंधरा वर्षं झाली ना गाडीला." आणि "तो कोणाचं ऐकतो का? तुला माहीत नाही का?" आमच्या मावची बोलीत बोलत होती. गाडीबद्दल सध्या बाहेरचा एकच माणूस विचारतो आहे. म्हणजे वाहिदला मावची येते आणि त्याने ते माझ्यापासून लपवलं आहे. बाजारात बसणाऱ्याला सगळ्या भाषा येतात.

स्वतःच्या घरातून माझी माहिती बाहेर जाते आहे. चार वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. व्हॅनची नवी बॅटरी एका आठवड्यात चोरीला गेली. गाडीची किल्ली माझ्याकडे आणि मुलाकडे, दानियलकडे, तिसरीकडे नाही. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, मी नेली नाही. मी म्हटलं, मग कोणी नेली? तो म्हणाला, "आबा, मी सांगतो ना, नेली नाही." मी म्हटलं, सांगतात सगळेच. तिसऱ्या दिवशी तो गुजरातकडे कामाला निघून गेला. पत्ता दिला नाही. आमचा एकच मुलगा.

हे लिहायचं नव्हतं. गाडीच्या हिशोबात आलं म्हणून लिहिलं.

२६ नोव्हेंबर

गाडी तपासणीआधी नीट करून घ्यायला वाहिदने ती खांडबाऱ्याच्या लोटन मिस्त्रीकडे लावली. मिस्त्री कोणाचा माणूस, हे मला ठाऊक नाही. म्हणून काल मी गाडी द्यायच्या आधी बोनेटच्या फटीत शिवणाचा काळा दोरा बांधला. समोरची सीट उचलली की खाली इंजिन आहे, तिथेही एक बांधला. चारही टायरांचे आकडे लिहून घेतले. चांगला माल काढून जुना घालणारे काही कमी नाहीत.

आज जाऊन बघितलं. दोन्ही दोरे तुटलेले. खाली जमिनीवर तेलाचा डाग. पुढचं डावं चाक काढून परत बसवलेलं, नटावर पान्याच्या ताज्या खुणा.

"लोटन, दोरा कसा तुटला?" मी विचारलं.

"कसाना दोरा बाबा?"

"बोनेटला बांधला होता."

"बोनेटले राखी बांधी व्हती का तुम्हीन?" तो हसला. त्याच्याबरोबर चहा पीत बसलेले दोघेही हसले. "गाडी बरी शे बाबा. तुम्ही काळजी नका करू. वाहिदभाईनी जे सांगं ते करी दिनं."

म्हणजे वाहिदने काहीतरी सांगितलं होतं, आणि ते मला न विचारता. काय केलं विचारलं तर म्हणाला, "जे करानं व्हतं ते." पैसेही माझ्याकडे मागितले नाहीत. मिस्त्री पैसे मागत नाही तेव्हा त्याला ते दुसरीकडून मिळालेले असतात. टायरांचे आकडे ताडून बघितले. चारही जुळले. मग काढलं काय?

२८ नोव्हेंबर

धुराचा दाखला मिळाला. नवी नंबरपाटीही बसली, स्क्रू एकदा पिळला की उघडत नाही असा. ही गोष्ट सरकारने चांगली केली.

फॉर्मवर सह्या करायच्या आहेत, वाहिद म्हणाला. मी म्हटलं, पासिंग झाल्याशिवाय सही नाही. तो म्हणाला, "बराबर आहे बाबा. कोऱ्या फॉर्मवर सही कधीच करू नका." मी अडून बसायची तयारी केली होती, आणि तो माझ्याच बाजूने बोलला. असा माणूस जास्त सांभाळायचा.

२ डिसेंबर, मंगळवार

परवा गुरुवारी तपासणी आहे. ही आई खरंच आहे की नुसती सांगायला आहे, हे बघायला मी आज सकाळच्या गाडीने नंदुरबारला गेलो. त्याला न कळवता.

घर गल्लीत आहे, बाहेर कापसाचा ढीग. आई आहे. चाकाच्या खुर्चीवर बसून उशीला टाके घालत होती. ऐंशीची असेल. वाहिद मला बघून चकित झाला, पण त्याने का आलात हे विचारलं नाही. त्याच्या बायकोने, शमाने, शेवया दिल्या.

म्हातारीने मला नीट बघून घेतलं आणि मुलाला विचारलं, "हाच का तो दरवाजेवाला?"

"हां अम्मी."

"गाडी आणली का?"

"गुरुवारी आणतील अम्मी. आधी सरकार बघेल."

"सरकारने मला कुठे बघितलंय? मी बघते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दोन वर्षांत मी या गल्लीचं तोंड ओलांडलं नाही. दवाखान्यात जायचं तर चौघं उचलतात. गव्हाच्या पोत्यासारखं. तुझ्या गाडीत पायरी किती उंच आहे रे?"

मी हाताने दाखवली. ती म्हणाली, जमेल.

परतीच्या गाडीत मी विचार करत होतो. आई खरी आहे. पण आई खरी असली म्हणून मुलगाही खरा असतो असं कोणी सांगितलं? आई आमच्याही घरात आहे, दानियलची.

४ डिसेंबर, गुरुवार

हे नीट लिहायला हवं. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

वाहिद गाडी चालवत होता, मी शेजारी. नंदुरबारला आर.टी.ओ.च्या मैदानात आमच्यापुढे सहा गाड्या होत्या. तपासणी करणाऱ्या मॅडम आमच्या दानियलच्या वयाच्या असतील. त्यांनी दिवे लावून बघितले, वर-खाली. इंडिकेटर, वायपर, हॉर्न. टायरात नखाएवढी खोली आहे का ते बघितलं. मग स्वतः गाडीत बसून मैदानात नेली आणि जोरात ब्रेक दाबला.

मी डोळे मिटून घेतले. गाडी सरळ थांबली. एक इंचही डावीकडे गेली नाही. हे मला समजलं नाही. मैदान सपाट असेल म्हणून असेल. वाहिदकडे बघितलं तर तो दुसरीकडे बघत होता.

शेवटचं काम चेसिस नंबरचं. समोरची सीट उचलली की इंजिनच्या पलीकडे पत्र्यावर नंबर ठोकलेला असतो. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची, म्हणजे आकडे कागदावर उमटतात. हा कागद फाईलला लागतो. मॅडमनी पेन्सिल घासली, कागद उजेडात धरला आणि परत घासला. मग आतून २०१० सालची आमची फाईल मागवली.

"आजोबा, इकडे या."

मी गेलो.

"तुमच्या जुन्या कागदावर इथे तीन आहे. गाडीवर आठसारखा दिसतो. आणि बाजूला हे काय ठोकलंय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पंधरा वर्षांत एकदाही आठवण झाली नव्हती.

"क्रूस आहे," मी म्हटलं.

"क्रूस? नंबरच्या ओळीत?"

"खूण म्हणून. आम्हीच केली."

"नंबरला हात लावता येत नाही आजोबा. आकडा बदललेला दिसतो. दोन गाड्यांची एक गाडी करतात तेव्हा असंच असतं."

"मी सांगतो ना, बदललेला नाही."

"सांगतात सगळेच," मॅडम म्हणाल्या. रागाने नाही. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. पण बाजूला उभे असलेले एजंट, ड्रायव्हर, सगळे माझ्याकडे बघत होते. चोराकडे बघावं तसं. एकाने फोन काढून गाडीचा फोटो घेतला.

बाकी सगळ्यात गाडी पास आहे. नंबरसाठी थांबवली. मॅडमनी लेखी दिलं: गाडी चोरीची नसल्याचा पोलिसांचा दाखला आणा, आणि ज्याने प्रत्यक्ष हातोडी चालवली त्याचा लेखी जबाब आणा. गाडीच्या मालकाचा चालणार नाही, मालक तर स्वतःच्या बाजूनेच बोलणार. १७ तारखेच्या आत.

५ डिसेंबर

सगळं सांगून टाकतो, नाही तर उद्या पोलिसांसमोर उलटसुलट व्हायचं.

आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर माझं नाव आहे. लग्नाच्या जेवणावळीत भांडी सरमिसळ होतात, म्हणून सगळे घालतात. हंडा, परात, चमचेसुद्धा: पौलस गावित, खाली क्रूस. गाडी आली त्या दिवशी पाळकांनी प्रार्थना केली, मंडळीने गाणी म्हटली, आणि मी पाळकांच्या मागे उभा राहून चोरांचा विचार करत होतो. रंग बदलतील, काचा बदलतील. मग मी कशावरून म्हणणार की ही माझी? भांड्यावर खूण आहे आणि एवढ्या मोठ्या वस्तूवर नाही? चोर सगळं घासेल, पण नंबरपाशी हात घालायला घाबरेल, असं मला वाटलं. जागा हुशारीची वाटली.

दानियल तेव्हा नवापूरला आय.टी.आय.त फिटरचं शिकत होता. छिन्नी-हातोडी त्याच्याकडे होती. तो म्हणाला, "आबा, नंबरच्या इतक्या जवळ नको." मी म्हटलं, तुला काय कळतं? कमी उजेड होता म्हणून मी टॉर्च धरला होता. मी नीट बघायला वाकलो, टॉर्च हलला आणि त्याची छिन्नी सरकली. नंबरातल्या तीनच्या आकड्यावर घाव बसला. तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, कोण बघतंय.

म्हणजे जबाब द्यायला जगात एकच माणूस आहे.

 काल परत येताना मला वाटलं, वाहिद आता सौदा मोडतो म्हणेल. अर्ध्या वाटेवर आल्यावर तो म्हणाला, "बाबा, चोर खूण पुसतो. करत नाही."

मी मॅडमचा लेखी कागद घडी करून खिशात ठेवला.

"मॅडमनापण तेच वाटलं असेल. पण त्यांना कागद लागतो." थोड्या वेळाने म्हणाला, "मी सतरापर्यंत दुसरी गाडी बघत नाही. अम्मीला पायरीची उंची पाठ झाली आहे."

घरी आल्यावर किल्ली मी मागायच्या आधीच माझ्या हातात ठेवली आणि खांडबाऱ्याच्या स्टेशनकडे चालत गेला. तो माझ्यावर विश्वास का ठेवतो, याचा मी रात्रभर विचार केला. काही सापडलं नाही.

६ डिसेंबर

पोलीस ठाण्यात गेलो. गाडी चोरीच्या यादीत नाही, दाखला सोमवारी देतो म्हणाले. हवालदाराने विचारलं, मुलाचा जबाब कुठे आहे? मी म्हटलं, मुलगा बाहेरगावी आहे. कुठे? मला सांगता आलं नाही. त्याने वर बघितलं. मुलाचा पत्ता बापाला माहीत नाही, असं त्याने मोठ्याने म्हटलं नाही, पण पेन खाली ठेवलं.

लोटनच्या दुकानावरून आलो. त्याला विचारलं, आता तरी सांग, डाव्या चाकात काय केलं? तो म्हणाला, "ब्रेकनं सिलिंडर बदलं. तुम्हले सांगू नको म्हने वाहिदभाई. म्हातारा मानूस, लाज वाटी त्याले."

म्हणजे पहिल्याच दिवशी त्याला कळलं होतं की मी खोटं बोललो. हे वाचून माझं मलाच कसंतरी होतं आहे, पण लिहिलं आहे तर राहू दे.

८ डिसेंबर, सोमवार

पोलिसांचा दाखला मिळाला.

मी हिरीबाईला म्हटलं, दानियलला कुठे शोधायचा? गुजरात काय आपल्या गावाएवढं आहे का? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तू पत्र लिही. मी पोहोचवते."

"कुठे पोहोचवतेस? पत्ता कोणाकडे आहे?"

"तू आधी लिही."

"मंडळीतल्या कोणाला माहीत आहे का?"

"लिहितोस की नाही? आणि नुसतं गाडीचं लिहू नको." हात धुऊन ती समोर येऊन बसली आणि फोन मांडीवर ठेवला. पान भरलं की फोटो काढते म्हणाली. कोणाला पाठवणार ते सांगत नाही. खुराड्यामागचं तिचं फोनवरचं बोलणं मला आठवलं. आज मला विचारायची भीती वाटते आहे.

म्हणून इथेच लिहितो.

दानियल यास,

तुझ्या आईच्या सांगण्यावरून लिहितो. माझ्या सांगण्यावरूनपण.

गाडीवरच्या क्रूसाचा वांधा झाला आहे. तू म्हणाला होतास, नंबरच्या इतक्या जवळ नको. ते मी नंदुरबारला मॅडमसमोर सांगितलेलं नाही, पण विचारलं तर सांगेन. टॉर्च मी हलवला हेही सांगेन. तू एवढंच लिहून द्यायचं की २०१० साली डिसेंबरमध्ये ही खूण तुझ्या हाताने झाली. सही कर आणि तुझ्या आधार कार्डाची प्रत जोड. एक म्हातारी बाई त्या गाडीच्या दाराची वाट बघते आहे. ती आपली कोणी नाही, पण वाट बघते आहे.

तिथे मैदानात मी म्हटलं, मी सांगतो ना. आणि मॅडम म्हणाल्या, सांगतात सगळेच. ही दोन्ही वाक्यं आपल्या घरात आधी कोण कोणाला बोललं होतं, ते मला घरी येईपर्यंत आठवत राहिलं.

बॅटरी कोणी नेली ते मला अजून कळलेलं नाही. आता ते शोधत नाही. तू नेली नाहीस. हे कोणी मला सिद्ध करून दाखवलेलं नाही, तू सांगितलं होतंस म्हणून लिहितो.

यायला जमत नसेल तर नुसता कागद पाठव. कागद पाठवायचा नसेल तर तसं कळव, मी रागावणार नाही, गाडी भंगारात गेली तरी रागावणार नाही. सतरा तारीख उलटली तरी कळव. तू कुठे आहेस, जेवतोस काय, एवढं कळव. पण लवकर कळव, मला आता लांबचं दिसत नाही.

तुझा आबा